शरदातला गोधडीचा मुक्काम

परतीचा पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर अखेरचा गडगडून निघून गेला, वेळवंडीचे गढूळ पाणी निवळून तळाचे गोटे दिसू लागले आणि बांधावरच्या गवताने पिवळी झाक धरली, की भोर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या ओसरीवर गेली काही वर्षे चार दिवसांचा एक मुक्काम पडतो. शहरांतून नऊ जणी येतात, गावातल्या चौघी येतात, प्रत्येकीच्या हाती आपापल्या घरच्या जुन्या कापडाचे गाठोडे असते, आणि चौथ्या दिवशी उन्हे कलताना तीन गोधड्या पुऱ्या होऊन अंगणातील दोरीवर चढतात. असा मुक्काम आपल्याही गावी भरवावा अशी इच्छा अनेक जणींनी बोलून दाखविली, म्हणून त्याची रीत आणि त्यात मला मिळालेले धडे येथे तपशीलवार मांडीत आहे.

आमच्या आज्यांच्या पिढीला गोधडीची ओळख करून देण्याची गरजच नव्हती. परंतु ज्या मुलांनी ती केवळ हस्तकलेच्या दुकानात किमतीची चिठ्ठी लावलेली पाहिली, त्यांच्याकरिता थोडे मुळापासून सांगितले पाहिजे. वापरून जीर्ण झालेली लुगडी, धोतरे आणि चादरी स्वच्छ धुऊन एकावर एक अंथरायच्या आणि त्या सर्व थरांतून साधा धावदोरा घालीत घालीत त्यांचे एकच जाड, मऊ आणि टिकाऊ पांघरूण करायचे, एवढीच गोधडीची व्याख्या. सातारा-कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात, आणि तान्ह्या बाळाकरिता जुन्या लुगड्याचे जे लहानसे शिवतात ते दुपटे. संस्कृतातील ‘कन्था’ हा शब्द ठिगळांच्या वस्त्राचा. बंगालचा कांथा आजही त्याच नावाने ओळखला जातो. बिहारची सुजनी, सिंध-कच्छची रल्ली, कर्नाटकातील कौदी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही सारी गोधडीचीच भावंडे. दरिद्री माणसाच्या या पांघरुणास आपल्याकडे वैराग्याचीही प्रतिष्ठा लाभली आहे. गाडगे महाराज (१८७६-१९५६) चिंध्यांचेच वस्त्र अंगावर वागवीत, आणि लोक त्यांना प्रेमाने गोधडे महाराज म्हणत.

गोधडीची ऊब तिच्या थराथरांत अडकून राहिलेल्या हवेची असते. स्थिर हवा उष्णता सहसा वाहून नेत नाही, आणि धावदोऱ्याच्या दाट ओळी थरांना एकमेकांवरून सरकू न देता त्या हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवतात. याकरिता जुनेच कापड का लागते, तर अनेक वर्षांच्या धुण्यांनी त्यातील खळ निघून गेलेली असते, धागा मऊ पडलेला असतो आणि जेवढे आटायचे तेवढे ते आटून चुकलेले असते. कोरे मांजरपाट न धुता आत घातले, तर ते पहिल्याच धुण्यात आटते आणि सबंध गोधडी आक्रसून बसते. नायलॉनची निसरडी पातळे घाम शोषीत नाहीत आणि टाकाही धरीत नाहीत. म्हणून गाठोडी सुटली की आमच्या आक्का प्रथम ती निवडून बाजूला ठेवतात. या आक्का म्हणजे मुक्कामाच्या मुख्य गुरू. वय सत्तरीच्या पुढे, आणि कापड डोळ्यांनी पाहण्याआधी बोटांनी वाचण्याची सवय.

मुक्कामाचा काळ ठरविणे हे यजमानाचे पहिले आणि सर्वांत अवघड काम. पहिल्या वर्षी मी शहरातील पाहुण्यांच्या सोयीने दसऱ्याच्या सुटीतले दिवस मुक्रर केले, आणि तेथेच चुकले. हळवे भात कापणीस आलेले होते; गावातल्या बायका विळे घेऊन शेतात आणि आम्ही सुया घेऊन ओसरीवर, अशी स्थिती झाली, आणि चार दिवसांत दोन वृद्धा तेवढ्या घटकाभर टेकून गेल्या. त्या वर्षी एकही गोधडी पुरी झाली नाही. पुढच्या भाद्रपदात मी आक्कांना आधीच विचारावयास गेले, तेव्हा त्या बोटांवर मोजीत म्हणाल्या, ‘‘ताई, हळवं घरात आलं आन् गरवं अजून उभं हाय, त्या मधल्या दिसांत बोलवा. कोजागिरी झाली की वसुबारसंच्या आत.’’ कोजागिरीपासून वसुबारसेपर्यंत दिवस अवघे बारा. त्यातही तिथ्या दरसाल मागेपुढे होतात आणि पाऊस पंचांगाप्रमाणे चालत नाही, म्हणून तारीख कळविण्यापूर्वी स्वतः शिवारात जाऊन उभे भात पाहून येण्याचा जो शिरस्ता मी तेव्हा घातला, तो आजवर मोडलेला नाही.

एरवी गोधडी शिवण्याचे दिवस म्हणजे शेतात काम नसलेल्या उन्हाळी दुपारी. तरीही शरदाचा हा काळ मला अधिक अनुकूल वाटतो, याचे कारण घटस्थापनेपूर्वी घर सारवून घरातील यच्चयावत अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याची आपल्याकडील रीत. त्या धुण्यात प्रत्येक गोधडी स्त्रियांच्या हातांखालून जाते. कोणती विरली, कोणती उसवली, कोणती अजून दोन हिवाळे काढील, याची झडती आपोआप होते. आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात कापड असे वाळते की पेटीत ठेवले तरी कुबट वास येत नाही. पुढे कार्तिकाची थंडी उभी असते. मागचे वर्ष धुऊन झालेले आणि पुढची निकड दारात आलेली, अशा वेळी हाती घेतलेल्या सुईला एक प्रकारची सार्थकता येते.

जागेचा बंदोबस्त साधा असावा, पण तो विचारपूर्वक करावा. परतीचा पाऊस एखाद्या दुपारी उलटून येतो, म्हणून डोक्यावर छप्पर हवे, आणि टाका दिसण्यासाठी तीन बाजूंनी उजेड हवा. जुन्या घराची ओसरी या दोन्ही गोष्टी देते. जमीन सारवून कोरडी झालेली असावी, कारण गोधडी जमिनीवरच पसरतात आणि शिवणाऱ्या बायका तिच्याच अंगावर बसून शिवतात. जाड सुया, मजबूत सुती दोरा, दोऱ्याला ओढण्यासाठी मेणाचा खडा, बोटाला अंगुस्तान आणि कोपरे दाबून धरण्यासाठी वरवंटे किंवा नदीतले गोटे, एवढ्या जिनसांवर काम भागते. जेवणास भाकरी, झुणका आणि घरात नुकत्याच आलेल्या हळव्या भाताचा वाफाळता भात; रात्री पांघरावयास गावातल्याच गोधड्या, कारण पहाटेच्या गारठ्यात जिने एकदा गोधडी अंगाभोवती लपेटून घेतली, तिला दुसऱ्या दिवशी टाके दाट का घालायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

जमाखर्चाच्या वहीत मात्र पहिली रक्कम शिकविणाऱ्या चौघींच्या मोबदल्याची असली पाहिजे. शेतावरच्या रोजापेक्षा ती जास्त असावी, आणि मुक्काम सुरू होण्यापूर्वी त्यांच्या हाती पडावी. शहरातून येणारी स्त्री शिक्षणाचे मोल जाणते. गाण्याच्या शिकवणीस ती बिदागी देते, चित्रकलेच्या वर्गास फी देते. पण गावातली बाई जे जन्मभर करीत आली, ते विद्या आहे याची जाणीव तिला सहज होत नाही, आणि खुद्द त्या गावच्या बाईलाही होत नाही. यजमानाने ती जाणीव दोन्ही बाजूंस करून द्यावी, हे मला या सर्व खटाटोपाचे मर्म वाटते. पहिल्या वर्षी मी या बायकांचा उल्लेख ‘मदतीला येणाऱ्या’ असा केला होता. त्याची आठवण मला आजही लाजविते.

पहिला दिवस गाठोडी सोडण्यात जातो, आणि तो घाईने उरकू नये. दोन वर्षांपूर्वी एक पाहुणी आपल्या दिवंगत आईचे हिरवे इरकली लुगडे घेऊन आली होती. कात्री हातात घेऊन ती बराच वेळ बसून राहिली. लुगड्याला लावण्याचे धैर्य होईना. आक्का तिच्याजवळ सरकल्या, लुगडे उजेडाकडे धरून त्यांनी त्याचा विरलेला भाग आणि धड भाग तिला दाखविला, मग काठाशी दातांनी एक चीर दिली आणि दोन्ही हातांनी ते टर्रकन फाडले. ‘‘कात्री वाकडी जाते, बाई. फाडलं की कापड आपल्या धाग्यानं सरळ जातं,’’ एवढेच त्या म्हणाल्या. नऊ वारांचे लुगडे म्हणजे २७ फूट. त्याचे, कडा दुमडूनही सहा फुटांहून थोडे मोठे, असे चार तुकडे निघतात. धड तुकडे वरच्या आणि खालच्या बाजूस लावायचे, विरलेले मधल्या थरांत घालायचे आणि काठ कडांना ठेवायचे, ही आक्कांची पद्धत. तीत कापडाचा कोणताही भाग वाया जात नाही आणि कोणत्याही भागावर त्याच्या शक्तीबाहेरचे ओझे पडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर पसरतात, हाताने सुरकुती काढीत काढीत मधून कडेकडे येतात, कोपऱ्यांवर गोटे ठेवतात आणि मोठ्या अंतराचे कच्चे टाके घालून सर्व थर एकमेकांस टाचून घेतात. मग पक्का दोरा कडेपासून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन धरीत मध्याकडे जातो. एका गोधडीला चौघी का, आणि मुक्काम चारच दिवसांचा का, याचा हिशेब आम्ही एकदा वहीत मांडून पाहिला. सहा फूट लांब आणि पाच फूट रुंद गोधडीत ओळींमधील अंतर अर्धा इंच ठेवले, तर धावदोऱ्याची एकूण लांबी ७२० फूट होते. दर अर्ध्या इंचास एक टाका धरला, तर टाके १७,२८० पडतात. सरावलेला आणि नवशिका हात मिळून तासाला सरासरी दहा फूट शिवण होते, असा आमचा अनुभव; म्हणजे एका गोधडीस ७२ तास. चार बाजूंना चौघी बसल्या, तर प्रत्येकीच्या वाट्यास १८ तास, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सहा तास बसले म्हणजे तीन दिवस; गाठोड्यांचा पहिला दिवस धरून चार. एकटीने रात्री तासभर बसून हीच गोधडी शिवावयाची म्हटली, तर अडीच महिने लागतील.

असे जमून शिवण्याची रीत सर्व जगभर आहे. अमेरिकेच्या खेड्यांतून स्त्रिया लाकडी चौकटीवर गोधडी ताणून तिच्याभोवती बसत, आणि त्या बैठकीत शिवणीबरोबर गावाची सुखदुःखेही मार्गी लागत. आजही तेथे शरदात शहरापासून दूर एखाद्या घरी असे मुक्काम भरतात. अलाबामा नदीच्या वळणावर वसलेल्या जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या. १९६६ साली त्या परिसरातील स्त्रियांनी नागरी हक्कांच्या चळवळीच्या दिवसांत स्वतःची सहकारी संस्था काढून त्या विकावयास आरंभ केला, आणि पुढे त्याच गोधड्या मोठमोठ्या कलासंग्रहालयांच्या भिंतींवर चढल्या. भिंतीवर चढल्याने त्यांची योग्यता वाढली असे मी मानीत नाही. पाहणाऱ्यांस ती उशिरा दिसली, इतकेच. आपल्याकडे मात्र अजून पुष्कळ गोधड्या भिंतीवर नसून वलणीवर आहेत, आणि त्या शिवणारे हात आपल्याच नात्यातले आहेत, ही आपल्याला लाभलेली सोय फार काळ टिकेल असे धरून चालू नये.

गेल्या वर्षी अखेरच्या दुपारी तीन गोधड्या संपवून थोडा वेळ उरला, तेव्हा मी आतल्या खोलीतली आमच्या घरातील एक जुनी गोधडी दुरुस्तीस आणली. तिचा वरचा थर जाळीसारखा झाला होता, आणि माझ्या मनात ती मोडून मधले चांगले कापड काढावे असे होते. आक्कांनी एका कोपऱ्याची शिवण उसवली आणि मला जवळ बोलावले. माझ्या आईच्या निळ्या पातळाखाली पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली आणखी एक गोधडी निघाली. तिच्या फाटक्या कोपऱ्यातून आजीचे चंद्रकळेचे काळे कापड दिसत होते, आणि त्याच्याही खाली कुणाचे तरी धोतर, विरून कोळ्याच्या जाळ्याइतके तलम झालेले. विरलेली गोधडी टाकून न देता तिच्यावर नवे कापड चढवून पुन्हा शिवण्याची रीत मी ऐकून होते. आपल्याच पांघरुणात ती तीन पिढ्या निजून आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

‘‘मोडायची का?’’ आक्कांनी विचारले. मी मान हलवून नको म्हटले आणि कपाटातून माझी एक जुनी सुती साडी काढून आणली. ती फाडण्यासाठी आक्कांनी काठ माझ्याच हातात दिला. चीर देऊन मी ओढले, आणि कापड आपल्या धाग्याने सरळ गेले.