लुई ब्लेरिओ आणि खाडीवरची ३६ मिनिटे

आज डोक्यावरून विमान गेले तर शेतात राबणारा माणूस मानही वर करीत नाही. पण १९०९ साली तसे नव्हते. अमेरिकेत राइट बंधूंचे पहिले विमान उडाले त्याला जेमतेम साडेपाच वर्षे झाली होती. अशा वेळी लंडनच्या ‘डेली मेल’ पत्राने जाहीर केले, की फ्रान्स व इंग्लंड यांच्यामधली खाडी जो विमानाने ओलांडील त्याला १००० पौंड देऊ. खाडी अगदी अरुंद जागी सुमारे ३४ किलोमीटर. खाली मात्र नुसता समुद्र!

लुई ब्लेरिओ हा फ्रेंच एंजिनियर या बक्षिसाच्या मागे लागला. त्याचा जन्म १८७२ चा. मोटारींचे दिवे तयार करण्याच्या धंद्यात त्याने पैसा मिळवला आणि तो सगळा विमानांत घातला. एक विमान मोडले की दुसरे, दुसरे मोडले की तिसरे. खाडीवर नेले ते त्याचे अकरावे.

हे विमान होते तरी कसे? लाकडी सांगाडा, त्यावर कापड ताणलेले एकच पंख-जोड, पुढे २५ अश्वशक्तीचे इंजिन. पंखाचा आकार वरून थोडा फुगीर असतो आणि तो हवेत किंचित तिरपा धरलेला असतो. त्यामुळे समोरून येणारी हवा खाली ढकलली जाते व पंख वर उचलला जातो. पण नुसते वर जाऊन भागत नाही, तोल सांभाळावा लागतो. त्यासाठी हातात एक दांडा. तो मागेपुढे केला की नाक वरखाली होई, बाजूला केला की पंखांची टोके पिळली जात. शेपटीचे सुकाणू मात्र पायांनी चालवायचे.

आणि नेमका ब्लेरिओचा एक पाय भाजलेला! आधीच्या एका उड्डाणात इंजिनाच्या तापलेल्या नळीने तो पोळला होता. तो कुबड्या घेऊन चालत होता. शिवाय लॅथम नावाचा प्रतिस्पर्धी १९ जुलैला निघाला, तो इंजिन बंद पडून समुद्रात उतरला होता.

२५ जुलैची पहाट. वारा शांत होता. सूर्योदयानंतरच निघायचे अशी बक्षिसाची अट. सूर्य उगवला आणि कॅलेजवळून ब्लेरिओ उडाला. जवळ होकायंत्रही नव्हते. सोबतीची युद्धनौका मागे पडली, आणि सुमारे दहा मिनिटे त्याला ना किनारा दिसला, ना जहाज. मग इंग्लंडचे पांढरे कडे दिसले. वाऱ्याने तो बाजूला वाहवला होता. तो किनाऱ्याच्या कडेकडेने डोव्हरकडे वळला. किल्ल्याजवळच्या कुरणात त्याचा एक देशबांधव फ्रान्सचा झेंडा हलवीत उभा होता. तिथेच विमान आपटत उतरले. चाकांचा सांगाडा व पंखा मोडला, माणूस मात्र सलामत! वेळ लागला सुमारे ३६ मिनिटे.

मोडून पडलेला धंदा सावरला. त्या विमानाला शंभरावर मागण्या आल्या. पण इंग्लंडमधली शहाणी माणसे विचारात पडली. समुद्र हा त्यांच्या देशाचा खंदक. तो आता पुरा पडणार नव्हता. १९१७ साली जर्मन विमानांनी लंडनवर बाँब टाकले, तेव्हा ती भीती खरी ठरली.

शिक्षक बंधूंनी पॅरिसच्या संग्रहालयात जपलेल्या त्या विमानाचे चित्र मुलांना जरूर दाखवावे. लाकूड, कापड आणि तारा. त्यावर बसून एक लंगडा माणूस समुद्र ओलांडून गेला, पण दहा विमानांनी हात पोळून घेतल्यावर, हेही सांगावे.