तांत्रिक लेखनातील विषयज्ञान व संप्रेषणकौशल्य यांचा समतोल : जालना जिल्ह्यातील कापूस बियाण्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
एखाद्या विषयाचे विशेष ज्ञान त्याचा प्रत्यक्ष वापर करणाऱ्यापर्यंत अचूक व सुबोध स्वरूपात पोहोचविणारे लेखन म्हणजे तांत्रिक लेखन होय. त्यास विषयज्ञान व संप्रेषणकौशल्य या दोहोंची सारखीच गरज असते. जालना हे बियाणे उद्योगाचे प्रमुख केंद्र असल्याने येथे या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालना येथे महिको कंपनीची स्थापना केली. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाच्या लागवडीस प्रथम परवानगी मिळाली, ती याच कंपनीच्या संकरित वाणांना.

विवेचन :
बीटी कापसाच्या ४५० ग्रॅम बियाण्याबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची स्वतंत्र पुडी देण्याची पद्धत रूढ झाली. हे बियाणे शेताच्या कडेने लावणे अपेक्षित होते. परंतु अनेक शेतकऱ्यांनी ते लावले नाही. यामागे उत्पन्न घटण्याची भीती होती, तसेच या पुडीचे प्रयोजनही पुरेसे पोहोचले नव्हते.

हे प्रयोजन शास्त्रीय आहे. बिगर-बीटी झाडांवर विषास बळी पडणाऱ्या बोंडअळ्या जगतात. त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक्षम पतंगांशी संकर झाल्यास पुढील पिढीतील प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो. ‘आश्रय पीक लावावे’ ही सूचना तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मात्र तीत कृतीचे कारण नाही. याउलट ‘बीटीवर कीड पडत नाही’ हे वाक्य सहज समजते, पण ते असत्य आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसारख्या रसशोषक किडींवर बीटीचा परिणाम होत नाही. पहिल्या वाक्यात संप्रेषण उणे आहे, तर दुसऱ्यात ज्ञान.

‘ही पुडी टाकून देऊ नये; कडेच्या ओळींमुळे बोंडअळीची प्रतिकारशक्ती वाढण्याचा वेग कमी होतो’ असे लिहिल्यास दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. येथे ‘वेग कमी होतो’ऐवजी ‘बोंडअळी येतच नाही’ असे लिहिले, तर सुबोधतेसाठी सत्याचा बळी दिल्यासारखे होईल.

या उणिवेची किंमत मोठी असते. २०१७ च्या हंगामात मराठवाडा व विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापसाचे प्रचंड नुकसान केले. फरदड घेणे, हंगाम लांबविणे ही कारणेही त्यामागे होती. सर्व दोष लेखनाचा नव्हे; तथापि समजलेली सूचना पाळली जाण्याची शक्यता अधिक असते.

निष्कर्ष :
तांत्रिक मजकुराची परीक्षा दोन ठिकाणी व्हावी. प्रथम तज्ज्ञाने त्यातील आकडे व अटी तपासाव्यात. त्यानंतर तो शेतकऱ्यास वाचून दाखवून, त्यास काय समजले हे त्याच्याच शब्दांत ऐकावे. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांत तज्ज्ञ व शेतकरी एकत्र येतात. तेथे ही परीक्षा सहज शक्य आहे. तज्ज्ञास मान्य आणि शेतकऱ्यास उमगलेला मजकूर हाच खऱ्या अर्थाने समतोल मजकूर होय.