मन आजारी पडते तेव्हा

सफाळे स्टेशनात पहाटेच्या गाडीला भाजीवाल्या बाया येतात. पाटी जड असते. एकटीने ती डोक्यावर चढत नाही. शेजारीण हात लावते.

समजा, यांतली एक बाई पंधरा दिवस आलीच नाही. ताप नाही, खोकला नाही. पण झोप येत नाही, जेवण गोड लागत नाही, कुणाशी बोलू नये असे वाटते. घरचे म्हणतात, "आळस चढलाय हिला." कुणी म्हणतो, "बाहेरचं काहीतरी आहे."

आळस नव्हे आणि बाधाही नव्हे. दोन आठवडे किंवा जास्त दिवस मन असे खचलेले राहिले, तर ते नैराश्य असू शकते. तो आजार आहे. पुरुषांनाही होतो, ते बहुधा सांगत नाहीत, गुत्त्यावर जाऊन बसतात.

या आजाराची खोड वाईट. तो माणसाला माणसांतून उठवतो. माणूस घरात बसला की मन आणखी खचते. मन खचले की तो आणखी घरात बसतो. रहाटासारखे हे फिरत राहते.

हा रहाट थांबवता येतो का? गोव्यात 'संगाथ' संस्थेने करून पाहिले. डॉक्टर नसलेल्या साध्या स्त्री-पुरुषांना तिने शिकवून तयार केले. 10 सरकारी आरोग्य केंद्रांतले 495 रोगी निवडले. निम्म्यांना डॉक्टरचे नेहमीचे उपचार दिले. निम्म्यांना त्यांखेरीज ही शिकलेली माणसे सहा ते आठ वेळा भेटली. उपदेश केला नाही. पूर्वी कशात जीव रमायचा ते विचारले, रोजचे एखादे लहान काम ठरवले, लोकांत जायला लावले. तीन महिन्यांनी पाहिले, तर सोबत मिळालेल्यांत शंभरात 64 जणांचा आजार उतरला होता, इतरांत 39 जणांचा. 2017 साली हे छापून आले. आम्हांला हा फरक लहान वाटत नाही.

दुखणे फार असेल तर गोळ्या लागतात. त्या डॉक्टरला विचारल्यावाचून सोडू नयेत. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे निघाले, तर त्या माणसाला क्षणभरही एकटे ठेवू नका. 14416 या नंबरावर फोन करा. तो सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो. मराठीतही बोलता येते.

आणि शेजाऱ्याने काय करावे? "हिंमत धर" एवढे सांगून उठू नये. भाजी निवडत जवळ बसावे. ती बोलली नाही तरी चालेल. दवाखान्यात जाताना बरोबर जावे. नंबर लावून तासभर एकटीने बसणे तिला फार जड जाते.