आग्वाद : एका बंदरदुर्गाची चार शतके

गोव्यात मांडवी नदी अरबी समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तर बाजूला, बार्देश तालुक्यातील कांदोळी आणि शिकेरी या गावांलगत समुद्रात शिरलेल्या भूशिरावर आग्वादचा किल्ला उभा आहे. पोर्तुगिजांनी १६१२ मध्ये त्याचे बांधकाम पूर्ण केले. तेव्हापासून आजपर्यंतच्या चार शतकांत हा किल्ला लष्करी ठाणे, जहाजांचा पाणवठा, दीपगृहाची जागा, तुरुंग आणि अखेरीस स्मारक अशा निरनिराळ्या कामांसाठी वापरला गेला. ही कामे परस्परांपासून दूरची भासली, तरी त्या प्रत्येकाचे कारण या भूशिराच्या रचनेत आणि स्थानात सापडते. म्हणून आग्वादचा इतिहास समजून घ्यायचा तर राजवटींच्या यादीआधी जागेचा विचार करावा लागतो.

पोर्तुगीज सत्तेची राजधानी असलेले जुने गोवे शहर मांडवीच्या काठी, मुखापासून बरेच आत होते आणि लिस्बनहून येणाऱ्या जहाजांना तेथवर जाण्यासाठी नदीच्या मुखातूनच प्रवेश करावा लागे. हे मुख ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती राजधानीचा व्यापार, असे समीकरण होते. सतराव्या शतकाच्या आरंभी डच आरमार हिंदी महासागरात उतरले आणि त्याने मांडवीच्या मुखाशी जहाजे आणून गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा या समीकरणातील धोका पोर्तुगिजांना प्रत्यक्ष जाणवला. रुई लोरेन्सो द ताव्होरा या व्हाइसरॉयच्या, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या प्रतिनिधीच्या, कारकिर्दीत आग्वादचे काम पुरे झाले ते याच पार्श्वभूमीवर. समोरच्या तीरावरील काबोचा किल्ला, नदीत थोडे आत असलेला रेइश मागुश आणि पणजीजवळचा गास्पार दियश यांच्यासह आग्वादने मुखाभोवती तोफांची साखळी पुरी केली.

किल्ल्याचे दोन स्पष्ट भाग आहेत. माथ्यावरच्या भागाला रुंद कोरडा खंदक, जांभ्या दगडाची जाड तटबंदी आणि तोफांसाठी कोनाकृती बुरूज आहेत. जांभा हा कोकण आणि गोव्यातला लोहयुक्त, सच्छिद्र दगड असून खाणीतून काढताना तो तुलनेने मऊ असतो व हवा लागल्यावर कठीण होतो, त्यामुळे मोठ्या तटबंदीचे काम जागेवर मिळणाऱ्या या दगडातच करता आले. किल्ल्यावर ७९ तोफा होत्या असे सांगितले जाते. खालचा भाग पाण्यालगत असून तेथे जहाजे लागण्याची जागा होती, आणि शिकेरीच्या बाजूचा बुरूज तर थेट समुद्रात उतरलेला आहे. वरच्या भागाने दूरवर पाहायचे व मारा करायचा आणि खालच्या भागाने जहाजांना सामावून घ्यायचे, अशी ही विभागणी होती.

तोफांइतकेच महत्त्व येथे पाण्याला होते. अनेक महिन्यांच्या प्रवासावर निघणाऱ्या शिडाच्या जहाजाला गोडे पाणी ही पहिली गरज असे. या भूशिरावर गोड्या पाण्याचा झरा होता आणि जहाजे तेथे पिंपे भरून घेत. जहाजांच्या पाणवठ्याला पोर्तुगीज भाषेत जो शब्द आहे, तोच किल्ल्याचे नाव झाला. माथ्यावर सोळा खांबांवर छत पेललेले प्रचंड टाके असून त्याची क्षमता सुमारे २३ लाख ७६ हजार गॅलन, म्हणजे एक कोटी लिटरहून अधिक, असल्याचे सांगितले जाते. वेढा पडला तर शिबंदीला, म्हणजे किल्ल्यावर कायम ठेवलेल्या सैन्याला, पाण्यासाठी बाहेर पडण्याची गरज उरू नये, एवढा हा साठा होता.

या तयारीची कसोटी अठराव्या शतकात लागली. १७३९ मध्ये मराठ्यांच्या मोहिमेत व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजा साष्टीत शिरल्या आणि सावंतवाडीच्या भोसल्यांनी बार्देश व्यापले, तेव्हा त्या प्रांतात पोर्तुगिजांच्या हाती मुख्यत्वे आग्वाद आणि रेइश मागुश हे किल्ले उरले. समुद्रमार्गे रसद मिळत राहील असे स्थान आणि आत पाण्याचा साठा, या दोहोंमुळे किल्ला टिकला. पुढे युरोपातील युद्धांच्या काळात, फ्रेंच गोव्यात उतरतील या शंकेने, १७९९ ते १८१३ या वर्षांत इंग्रज सैन्य आग्वाद आणि काबो येथे येऊन राहिले. मात्र ते मित्रसैन्य म्हणून आले होते आणि गोव्याची सत्ता पोर्तुगिजांकडेच राहिली.

एकोणिसाव्या शतकात युद्धतंत्र बदलले, डचांचे भय केव्हाच ओसरले होते आणि राजधानी पणजीला आली होती. किल्ल्याचे लष्करी मोल घटले, पण मांडवीच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा, ज्यामुळे आजही पावसाळ्यात येथील जलवाहतूक धोक्याची होते, तो जागच्या जागी होता आणि जहाजांना वाट दाखवणे आवश्यकच होते. १८६४ मध्ये माथ्यावर बुटक्या, गोल बांध्याचे दीपगृह उभे राहिले. १८३५ मध्ये गोव्यातील ख्रिस्ती संन्यासी संघ बंद करण्यात आल्यानंतर जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची प्रचंड घंटा काही काळ आग्वादला होती आणि १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये नेण्यात आली. जुने दीपगृह १९७६ पर्यंत वापरात राहिले. त्यानंतर जवळच बांधलेल्या नव्या दीपगृहाने ते काम हाती घेतले.

विसाव्या शतकात खालच्या भागाला जे काम मिळाले, ते किल्ल्याच्या इतिहासातील सर्वांत वेदनादायक आहे. समुद्र आणि उंच तट यांच्यामध्ये कोंडलेली ही जागा तुरुंगासाठी सोयीची होती, आणि पोर्तुगालमधील सालाझारच्या हुकूमशाहीत तेथे राजकीय कैदी ठेवले जाऊ लागले. गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक मानले जाणारे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये येथे डांबले गेले आणि लष्करी न्यायालयाच्या शिक्षेनंतर पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठवले गेले. त्याच वर्षी डॉ. राममनोहर लोहिया गोव्यात दुसऱ्यांदा आले असता त्यांना कुळे स्थानकावर अटक होऊन आग्वादमध्ये ठेवण्यात आले. १९५५ च्या सत्याग्रहात महाराष्ट्रातून ना. ग. गोरे, शिरुभाऊ लिमये, मधू लिमये यांच्यासारखे कार्यकर्ते सीमा ओलांडून आले, त्यांना दीर्घ शिक्षा झाल्या आणि १९५७ मध्ये त्यांची सुटका झाली. आग्वाद हे त्या काळी सत्याग्रहींच्या कारावासाचे मुख्य ठिकाण होते. बंगालचे त्रिदिब चौधुरी यांनी सालाझारच्या तुरुंगातील आपल्या एकोणीस महिन्यांवर पुस्तकच लिहिले. मूळचे सांगलीचे आणि गोव्यात शिक्षक म्हणून राहिलेले मोहन रानडे १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांना पुढे पोर्तुगालला नेण्यात आले आणि गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाल्यानंतरही १९६९ पर्यंत ते तेथील तुरुंगातच राहिले.

मुक्तीनंतर आग्वाद गोव्याचे मध्यवर्ती कारागृह म्हणून चालू राहिले आणि २०१५ मध्ये कैद्यांना कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवण्यात आले. दरम्यान १९७० च्या दशकात शिकेरीच्या बुरुजालगत पंचतारांकित हॉटेल आले आणि पर्यटकांच्या नकाशावर आग्वाद हे प्रामुख्याने समुद्राचे दृश्य पाहण्याचे ठिकाण झाले. रिकाम्या झालेल्या तुरुंगाचे जतन करून, गोवा मुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, १९ डिसेंबर २०२१ रोजी, त्याचे संग्रहालय म्हणून उद्घाटन झाले.

आजही बहुतेक पर्यटक माथ्यावरचे दीपगृह आणि तट पाहून परततात, आणि त्यामुळे किल्ल्याची अर्धीच कहाणी त्यांच्या हाती लागते. माथ्याने साम्राज्याचे रक्षण केले, तर खालच्या कोठड्यांनी त्या साम्राज्याला नकार देणारी माणसे पाहिली. या दोन्ही बाजू एकाच दगडात आहेत, म्हणून जतनाच्या कामात आणि माहितीफलकांवर त्यांना सारखेच स्थान मिळाले पाहिजे. मराठी वाचकांसाठी तर खालचा भाग पाहणे हे कर्तव्यच ठरते, कारण गोव्याच्या मुक्तीसाठी महाराष्ट्राने दिलेल्या योगदानाचा मोठा अंश त्याच कोठड्यांत भोगला गेला आहे.