वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या ऑनलाइन विक्रीतील परतावा-विवाद

वापरलेला मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा किंवा तत्सम इलेक्ट्रॉनिक वस्तू ऑनलाइन विकत घेतल्यानंतर ती सदोष किंवा वर्णनाशी विसंगत असल्याचे सांगून खरेदीदार पैसे परत मागतो आणि विक्रेत्याला ती मागणी पूर्णतः वा अंशतः अमान्य असते, तेव्हा उद्भवणाऱ्या तंट्यास परतावा-विवाद असे म्हणतात. अशा तंट्यात वस्तू आज कशी आहे यापेक्षा ती पाठवताना कशी होती आणि विक्रेत्याने तिचे वर्णन कोणत्या शब्दांत केले होते, हे दोन प्रश्न निर्णायक ठरतात. प्रस्तुत लेखात या विवादांचा विचार मुख्यतः भारतातील कायदा आणि व्यवहार यांच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी

जुन्या वस्तूंचा व्यापार महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईतील चोर बाजार, किंवा इलेक्ट्रॉनिक सामानासाठी प्रसिद्ध असलेला लॅमिंग्टन रोड येथे गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन, उलटसुलट पाहून, शक्य तर चालू करून मगच पैसे मोजते. सौदा झाला की तक्रारीला फारशी जागा उरत नाही. ऑनलाइन विक्रीत ही पाहणीच नाहीशी होते. खरेदीदार छायाचित्रे आणि चार ओळींचे वर्णन विकत घेतो. वस्तू त्याच्या हाती नंतर येते.

विक्रेत्याला माहीत असलेले दोष खरेदीदाराला माहीत नसतात, या विषमतेचा बाजारावर काय परिणाम होतो याचे विवेचन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या उदाहरणाने केले. चांगली व वाईट वस्तू ओळखता येत नसल्यामुळे खरेदीदार सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या वस्तूचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात वाईट माल उरतो. ॲकरलॉफ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघा सहकाऱ्यांसह मिळाले. परताव्याची हमी ही या दुष्टचक्रावरील एक तोड आहे. परंतु तीच विवादांचे मूळही ठरते.

पुढे ‘ईबे’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संकेतस्थळावर १९९५ मध्ये सुरुवातीला विकली गेलेली एक वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर होता. संस्थापक पिएर ओमिडयार यांनी तो बिघडलेला आहे याची खरेदीदाराकडून खात्री करून घेतली, तेव्हा आपण बिघडलेलेच पॉइंटर जमवतो असे उत्तर आले. दोष आधी सांगितलेला असला की बिघडलेली वस्तूही विनातक्रार विकली जाते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. भारतात मुंबईस्थित ‘बाझी डॉट कॉम’ ही कंपनी ईबेने २००४ मध्ये विकत घेतली. तिच्या ‘पैसापे’ या व्यवस्थेत खरेदीदाराचे पैसे मध्यस्थाकडे थांबत असत. ईबेचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले.

विवादाची कारणे

खरेदीदाराच्या तक्रारी सामान्यतः चार प्रकारच्या असतात: वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, वाटेत फुटली, मिळालीच नाही, किंवा मन बदलले. शेवटचे कारण क्वचितच त्याच नावाने सांगितले जाते. ते बहुधा पहिल्याचा वेष घेऊन येते.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत काही तंटे ठरलेलेच आहेत. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता वापराबरोबर कमी होत जाते आणि फोन दाखवतो तो टक्का स्थिर नसतो. जाहिरातीत ८४ टक्के लिहिलेली बॅटरी महिन्याभराने ८२ टक्के दिसू शकते. ओएलईडी पडद्यावर जुन्या चित्राची पुसट छाया उमटलेली असते. ती पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिसते आणि रंगीत छायाचित्रात लपते. अनेक फोनमध्ये सिमच्या खाचेत ओलावा दाखवणारी छोटी पट्टी असते. पाणी लागले की ती लाल होते. पूर्वीच्या मालकाचे खाते फोनवरून काढलेले नसेल, तर नव्या मालकाला फोन सुरूच करता येत नाही. ॲपलच्या फोनमधील ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ आणि अँड्रॉइडमधील तत्सम संरक्षण चोरीला आळा घालण्यासाठी आहे, पण विक्रेत्याच्या विसराळूपणाचा फटका खरेदीदाराला बसतो. हा विवाद सर्वांत सोपा. विक्रेत्याने दूरवरून खाते काढले की तो मिटतो. तरीही ‘बंद फोन पाठवला’ असा आरोप-प्रत्यारोप होऊन तो चिघळलेला दिसतो.

वर्णनाची भाषा

बहुतेक तंटे शब्दांतून जन्मतात. ‘नव्यासारखा’, ‘चालू स्थितीत’, ‘किरकोळ ओरखडे’, ‘बॅटरी उत्तम’ हे शब्द विक्रेता मत म्हणून लिहितो आणि खरेदीदार वचन म्हणून वाचतो. ‘चालू’ हा शब्द तर मराठीत मोठा फसवा आहे. यंत्र चालू असते, दर्जा चालू असतो आणि माणूसही चालू असतो. ‘लॅपटॉप चालू आहे’ या वाक्यातून तो सुरू होतो एवढेच कळते. बॅटरीवर किती वेळ चालतो, कळफलकाची सर्व बटणे उमटतात का, बिजागरी सैल आहे का, यांपैकी काहीच कळत नाही.

याउलट मोजता येणारे विधान वादाला जागा ठेवत नाही. ‘किरकोळ ओरखडे’ याऐवजी ‘मागील बाजूस कॅमेऱ्याखाली सुमारे २ सेंटिमीटर लांबीचा एक ओरखडा, छायाचित्र क्रमांक ४ पाहावे’ असे लिहिले, तर त्या ओरखड्यासाठी कोणी परतावा मागू शकत नाही. लॅपटॉपच्या बॅटरीची मूळ व सध्याची क्षमता संगणकच अहवालरूपाने देतो. काही आयफोनमध्ये आयओएस १५.२ पासून बदललेल्या सुट्या भागांची नोंद सेटिंग्जमध्ये पाहता येते. पडदा बदललेला असेल तर ते विक्रेत्याने आधी लिहिले काय किंवा न लिहिले काय, खरेदीदाराला दिसणारच असते. फरक एवढाच की आधी लिहिले तर ती माहिती ठरते, नंतर सापडले तर तो पुरावा ठरतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

येथे एक भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. घरातला जुना फोन एकदाच विकणारा गृहस्थ आणि जुने फोन विकणे हाच ज्याचा धंदा आहे असा दुकानदार, या दोघांना कायदा एकाच मापाने मोजत नाही.

माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार मालाच्या दर्जाबद्दल किंवा विशिष्ट उपयोगासाठीच्या योग्यतेबद्दल सर्वसाधारणपणे कोणतीही गर्भित हमी नसते. ‘खरेदीदाराने स्वतः सावध राहावे’ हे जुने तत्त्व येथे कायम आहे. त्याला असलेले महत्त्वाचे अपवाद मात्र त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्याला लागू होतात. म्हणजे दुकानदाराने विकलेला फोन विक्रीयोग्य दर्जाचा असणे अपेक्षित आहे. गृहस्थावर ही गर्भित जबाबदारी येत नाही. परंतु कलम १५ दोघांनाही लागू आहे: वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ऑनलाइन विक्री ही बहुतांशी वर्णनावरूनच होते. त्यामुळे घरगुती विक्रेत्याला कायदा प्रामुख्याने त्याच्याच शब्दांनी बांधतो, असे म्हणता येईल.

‘परत घेतले जाणार नाही’ किंवा ‘जसे आहे तसे’ या सूचनेचे मूल्य मर्यादित आहे. कलम ६२ अन्वये गर्भित अटी स्पष्ट कराराने वगळता येतात. लबाडी मात्र अशा सूचनेच्या आड लपू शकत नाही. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे केवळ मौन ही सर्वसाधारणपणे लबाडी नव्हे, पण ठाऊक असलेली गोष्ट सक्रियपणे दडवणे ही लबाडी आहे. फोन तापतो हे न सांगणे आणि पाण्याने लाल झालेली पट्टी बदलून फोन विकणे, यांत कायद्याच्या दृष्टीने अंतर आहे. सामान्य माणसाच्या नीतिविचाराला ते अंतर तितकेसे पटत नाही, हेही खरे.

खरेदीदाराच्याही मर्यादा आहेत. माल मिळाल्यावर तो तपासण्याची वाजवी संधी त्याला मिळाली पाहिजे (कलम ४१). परंतु वाजवी मुदतीत नकार न कळवता त्याने वस्तू ठेवून घेतली, तर ती स्वीकारली असे धरले जाते (कलम ४२). वाजवी मुदत किती, हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवर ठरते. वस्तू योग्य कारणाने नाकारली असेल, तर वेगळा करार नसताना ती परत पोहोचवण्याची सक्ती खरेदीदारावर नाही. नकार कळवणे पुरेसे असते (कलम ४३). परतीच्या कुरिअरचा खर्च कोणाचा, या नेहमीच्या भांडणात हे कलम सहसा कोणाला आठवत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० हे धंदेवाईक विक्रेत्याला लागू आहेत. सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील गुणविशेषांशी न जुळणारा माल परत घेण्यास वा त्याचा परतावा देण्यास त्याला नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असेही हे नियम सांगतात. नियमित वा पद्धतशीर व्यवसाय म्हणून नव्हे तर वैयक्तिक नात्याने विकणारी व्यक्ती या नियमांच्या कक्षेबाहेर आहे. मात्र दर महिन्याला पाच-दहा फोन विकणाऱ्याने ‘मी घरगुती विक्रेता’ असे म्हणून सुटका करून घेण्याची आशा बाळगू नये.

धंदेवाईक विक्रेत्याविरुद्ध ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (क्रमांक १९१५) किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असून मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने तक्रारदाराला तो राहतो त्या ठिकाणी तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. त्यामुळे मुंबईच्या दुकानदाराविरुद्ध नागपूरचा ग्राहक नागपुरातच दाद मागू शकतो. पुनर्विक्रीसाठी खरेदी करणारा मात्र या अधिनियमाच्या अर्थाने ग्राहक नव्हे. दोन गृहस्थांमधील तंटा मूलतः दिवाणी स्वरूपाचा राहतो आणि आठ-दहा हजार रुपयांसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी सहसा कोणी चढत नाही. म्हणूनच अशा व्यवहारांत समजुतीने तोडगा निघणे दोघांच्याही हिताचे असते.

पुरावा

विक्रेत्याचा खरा बचाव वस्तू पाठवण्यापूर्वीच तयार व्हावा लागतो. फोनचा आयएमईआय क्रमांक (*#०६# दाबल्यास दिसतो) किंवा लॅपटॉपचा अनुक्रमांक, चालू अवस्थेतील पडदा, सर्व बाजू आणि खोके बंद करण्याची क्रिया हे सारे एकाच अखंड चित्रफितीत असावे. अनुक्रमांकाचे महत्त्व विशेष आहे, कारण चांगली वस्तू ठेवून घेऊन तशाच मॉडेलची आपली बिघडलेली वस्तू ‘परत’ करणे ही या क्षेत्रातील जुनी लबाडी आहे. परत आलेले खोके उघडतानाही विक्रेत्याने चित्रीकरण करावे ते याचसाठी. प्रामाणिक खरेदीदारालाही खोके उघडतानाच्या चित्रफितीचा तितकाच उपयोग होतो.

संभाषण शक्यतो संकेतस्थळाच्या संदेशपेटीत ठेवावे. फोनवर तोंडी दिलेले आश्वासन नंतर दोघांना दोन प्रकारे आठवते. प्रकरण न्यायालयात गेल्यास इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मधील प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. त्यामुळे मूळ फिती व संदेश पुसू नयेत.

वाहतुकीतील नुकसानीबाबत माल विक्री अधिनियमाचे कलम ३९ सांगते की माल वाहतूकदाराच्या ताब्यात देणे म्हणजे सकृतदर्शनी खरेदीदाराला देणेच होय. पण वाहतुकीचा करार करताना विक्रेत्याने वाजवी काळजी घेतलेली नसेल, तर खरेदीदार हे नाकारू शकतो. पातळ पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा फुटला, तर कुरिअरकडे बोट दाखवून भागत नाही.

विवाद हाताळण्याची रीत

तक्रार येताच ‘हे शक्यच नाही’ असे उत्तर देण्याची ऊर्मी विक्रेत्याला होते. त्याऐवजी तक्रार मिळाल्याचे कळवून दोषाचे छायाचित्र किंवा चित्रफीत आणि अनुक्रमांकाचे छायाचित्र मागणे उपयुक्त ठरते. अनेक तक्रारी चुकीचा चार्जर, न केलेले अद्ययावतीकरण किंवा एखादे सेटिंग यांमुळे उद्भवलेल्या असतात आणि दोन संदेशांत मिटतात. संकेतस्थळाने उत्तरासाठी मुदत दिली असेल तर ती चुकवू नये. ईबेवर विक्रेत्याला सामान्यतः तीन कार्यदिवस मिळतात. त्यानंतर खरेदीदार ईबेला मध्ये घालून निर्णय मागू शकतो.

दोष खरा असेल, पण वस्तू वापरण्याजोगी असेल, तर अंशतः परतावा हा मध्यममार्ग आहे. समजा, १८,००० रुपयांना विकलेल्या लॅपटॉपची बॅटरी वर्णनापेक्षा बरीच कमकुवत निघाली आणि नवी बॅटरी बसवण्यास ३,००० रुपये लागतात. संपूर्ण व्यवहार उलटवण्यात दोन कुरिअर, नवा धोका आणि पुन्हा जाहिरात आली. त्यापेक्षा ३,००० किंवा त्याच्या आसपासची रक्कम परत देणे दोघांनाही परवडते. हमीभंगाबद्दल किमतीत घट मागण्याचा हक्क कलम ५९ नेही मान्य केला आहे. तडजोड ठरल्यावर ‘ही रक्कम मिळाल्यानंतर या व्यवहाराबाबत तक्रार उरणार नाही’ असे खरेदीदाराकडून लेखी घ्यावे. पूर्ण परतावा द्यायचा झाल्यास वस्तू परत आल्यावर, अनुक्रमांक पडताळून द्यावा.

पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करावेत. कार्डाने दिलेली रक्कम ‘दुसऱ्या खात्यावर पाठवा’ अशी विनंती मान्य केली आणि खरेदीदाराने बँकेकडे कार्डव्यवहार उलटवण्याची मागणीही केली, तर विक्रेत्याचे पैसे दोनदा जाण्याचा संभव असतो.

परताव्याच्या नावाखालील फसवणूक

काही मागण्यांमागे विवाद नसतोच. ‘चुकून जास्त रक्कम पाठवली, उरलेली परत करा’ असे सांगून बँकेच्या संदेशासारखा दिसणारा खोटा संदेश पाठवला जातो. विक्रेत्याने स्वतःच्या खात्यातील जमा रक्कम पाहिल्याखेरीज काहीही परत करू नये. ‘पैसे मिळवण्यासाठी’ क्यूआर संकेत स्कॅन करून पिन टाकायला सांगणे हा दुसरा प्रकार. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना. घेताना तो कधीच लागत नाही. अशा वेळी हेतुपुरस्सर फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होऊ शकते. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर नोंद करावी. तक्रार जितक्या लवकर होईल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात थोपवली जाण्याची शक्यता अधिक असते.