तारे का जन्मत नाहीत?

लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये नवे तारे फारसे जन्मत नाहीत. तिथला वायू संपला असावा, असा समज बराच काळ होता. १९७८ मध्ये अवकाशात गेलेल्या आइन्स्टाइन वेधशाळेने तो खोडून काढला. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका क्ष-किरणांत उजळलेल्या दिसल्या. वायू भरपूर होता, पण त्याचे तापमान सुमारे एक कोटी अंश होते!

म्हातारे तारे आपले बाह्य थर सोडतात. त्यांतला बराचसा वायू आपसांतल्या टकरींनी आणि सुपरनोव्हांच्या धक्क्यांनी तापतो. पण क्ष-किरणांवाटे ऊर्जा गमावून तो निवायला हवा, केंद्राकडे ओघळून त्याचे तारे बनायला हवेत. तसे का होत नाही?

उत्तर कन्या दीर्घिकासमूहातल्या एम ८७ या लंबवर्तुळाकार दीर्घिकेत दिसते. तिच्या केंद्रात सुमारे ६५० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. निवलेला वायू त्यात पडू लागला, की प्रचंड वेगाचे झोत उसळतात, वायूत पोकळ्या फुगवतात आणि आघात-तरंग उठवतात. चंद्रा दुर्बिणीने या खुणा स्पष्ट टिपल्या आहेत. या धक्क्यांनी वायू पुन्हा तापतो, कृष्णविवराचा पुरवठा घटतो आणि झोत मंदावतात. मग चक्र पुन्हा सुरू होते.

अशा दीर्घिकांत ताऱ्यांचा जन्म रोखून धरण्यात केंद्रातल्या कृष्णविवराचा वाटा मोठा आहे.