रोजमेळ ऐकू येतो तेव्हा

पेढी बंद करण्यापूर्वी दिवसाचा रोजमेळ मोठ्याने वाचण्याची रीत अनेक व्यापारी घरांत पूर्वी होती. मुनीमजी आरंभीची शिल्लक सांगत, जमा आणि नावे वाचत, आणि गादीवर बसलेले वडीलधारे डोळे मिटून ऐकत. कुठे काही खटकले की हात वर होई. वहीची जागा मोबाइलने घेतल्यावर नोंदी वेगवान झाल्या, पण हिशेब मुका झाला. ज्यांची दृष्टी मंदावली आहे, त्यांच्यापासून तो दूरही गेला.

सांगलीच्या हळद पेठेतील अशी एक आडत पेढी डोळ्यांसमोर आणावी. पेढीचे कर्ते आजोबा ७८ वर्षांचे आहेत. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाल्याने ते घरभर सहज वावरतात, परंतु नेमके जे पाहावे तेच धूसर होते. मोबाइलवरील आकडा तर दिसतच नाही. घरात त्यांचा अनादर कोणी करीत नाही. पण ‘आज जमा किती?’ हे रोज विचारावे लागणे, आणि ‘सगळे ठीक आहे, आजोबा, तुम्ही विश्रांती घ्या’ हे उत्तर रोज मिळणे, यातच कर्तेपण हळूहळू ओसरत जाते.

अशा घरासाठी आज एक मार्ग उपलब्ध आहे, आणि त्यासाठी संगणक अभियंता असण्याची गरज नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली नातसूनही चार सुट्ट्यांत हे काम उभे करू शकते.

चार दुवे, एक साखळी

पहिला दुवा म्हणजे नोंदीचे ॲप. ‘ग्लाइड’सारख्या सेवेत संगणकाची भाषा न लिहिता, गूगल शीटमधील रकान्यांवरून मोबाइल ॲप तयार होते. मुनीमजी त्यात जमा-नावे भरतात, शीट बेरीज करते. दुसरा दुवा म्हणजे निरोप्या. ‘मेक’ ही प्राग येथे घडलेली सेवा पूर्वी ‘इंटिग्रोमॅट’ या नावाने ओळखली जाई. २०२२ मध्ये तिचे नाव बदलले. एका सेवेतील मजकूर उचलून दुसरीकडे पोहोचविणे हे तिचे काम. तिसरा दुवा म्हणजे वाचक. गूगलची क्लाउड वाचनसेवा २०१८ पासून उपलब्ध असून ती मराठी बोलते. मायक्रोसॉफ्टकडेही ‘आरोही’ व ‘मनोहर’ असे दोन मराठी आवाज आहेत. चौथा दुवा म्हणजे ध्वनिफीत ठेवण्याची जागा, उदाहरणार्थ गूगल ड्राइव्ह.

साखळी अशी चालते. मुनीमजी ॲपमधील ‘दिवस बंद’ हे बटण दाबतात. त्यासरशी ॲप ‘मेक’ने दिलेल्या एका पत्त्यावर दिवसाचा गोषवारा पाठविते, या पत्त्याला वेबहुक म्हणतात. ‘मेक’ तो मजकूर भाषा व आवाज यांच्या निवडीसह वाचनसेवेकडे सोपविते. परत येते ती ध्वनिफीत नव्हे, तर अक्षरांची एक लांबलचक, निरर्थक वाटणारी माळ. ‘बेस ६४’ या पद्धतीने ध्वनी अक्षरांत बांधलेला असतो. ही गाठ ‘मेक’मधील एका सूत्राने सोडवावी लागते. नवशिके बहुधा इथेच अडतात: फाइल तयार होते, पण वाजत नाही. गाठ सुटली की फाइल ड्राइव्हवर जाते, तिचा दुवा शीटमधील त्याच ओळीत लिहिला जातो आणि आजोबांच्या पडद्यावर एकच मोठे बटण उमटते.

यंत्राला मराठी शिकविताना

यंत्र वाचते ते लिहिलेले, समजलेले नव्हे. ‘रु.’, ‘क्विं.’, ‘शि.’ असे संक्षेप पेढीवर सर्वांना कळतात, यंत्र मात्र त्यांवर ठेचकाळते. म्हणून ‘रुपये’, ‘क्विंटल’, ‘शिल्लक’ असे पूर्ण शब्द द्यावेत. आकड्यांचेही तसेच. मराठीत एक ते नव्याण्णव या प्रत्येक संख्येला स्वतःचे रूप आहे. शीटमध्ये या ९९ शब्दांची यादी एकदा तयार केली, की ६६,३०० या आकड्याचे ‘सहासष्ट हजार तीनशे’ असे शब्द सूत्राने करता येतात, आणि चुकीच्या वाचनाची धास्ती पुष्कळ कमी होते.

उच्चारांची अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘जरा थांबा’ यातील ‘ज’ वेगळा आणि ‘जन्म-जरा-मरण’ यातील ‘ज’ वेगळा. देवनागरीत मात्र दोन्ही एकच. हिशेब ऐकून झाल्यावर आजोबांना एखाद्या ग्रंथातील उतारा ऐकवावा असे घरच्यांना वाटेल, तेव्हा तो आधी कोणीतरी स्वतः ऐकून पाहणे आवश्यक आहे.

मजकुराच्या लांबीलाही मर्यादा आहे. गूगलची सेवा साधारणपणे एका वेळी ५,००० बाइट स्वीकारते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि मात्राही स्वतंत्र मोजली जाते. म्हणजे सुमारे १,६०० चिन्हांत गोषवारा बसवावा लागतो. ही अडचण उपकारकच ठरते. ऐकणाऱ्याला सत्तर नोंदींची जंत्री नको असते. आरंभीची शिल्लक, एकूण जमा, एकूण नावे, पुस्तकी शिल्लक आणि गल्ल्यातील मोजलेली रोकड, हा क्रम पुरेसा असतो.

आणखी एक सावधगिरी. ‘ओळ बदलली की वाचन सुरू करावे’ असा नियम दिला, तर ध्वनिफितीचा दुवा त्याच ओळीत लिहिला जाताच ओळ पुन्हा बदलते, पुन्हा वाचन होते, आणि हे चक्र रात्रभर फिरून बिल वाढविते. म्हणूनच बटणाचा मार्ग उत्तम. वाचनसेवेची गुप्त किल्लीही शीटमध्ये न लिहिता ‘मेक’मधील राखीव जागीच ठेवावी, ती ज्याच्या हाती पडेल, त्याच्या वापराचे बिल पेढीच्या नावे येते.

घरची गोष्ट घरात

व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीच्या गुप्ततेवर उभी असते. इथे मजकूर पेढीबाहेर, परक्या कंपन्यांच्या संगणकांवर जातो. ड्राइव्हवरील फाइल ॲपमध्ये वाजावी म्हणून ‘दुवा असलेला कोणीही’ अशी परवानगी दिली जाते, तेव्हा तो दुवा चुकून पुढे गेला तर ऐकणाराही कोणीही असू शकतो. म्हणून गोषवाऱ्यात पक्षकारांची नावे घालू नयेत. उधारी सांगायचीच असेल तर खाते क्रमांकाने सांगावी. आठवड्यापूर्वीच्या फिती आपोआप पुसल्या जातील अशी योजनाही करावी. व्यक्तीच्या माहितीबाबत देशात २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. परंतु कायद्याच्या आधीही, शेतकऱ्याने किंवा दुकानदाराने विश्वासाने सांगितलेले देणे-घेणे जपणे हा पेढीचा धर्मच होता.

ज्यांना केवळ पडद्यावरील मजकूर ऐकायचा आहे, त्यांना ही सारी खटपट नको. अँड्रॉइड फोनमधील ‘टॉकबॅक’ ही सोय विनामूल्य आहे. साखळी उभारावी ती अनेक नोंदींतून एक गोषवारा घडवून तो ठरल्या वेळी ऐकवायचा असेल तेव्हाच.

अठराशे रुपये

आता त्या सांगलीच्या घरातील एक सायंकाळ कल्पावी. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपली आहेत. आजोबा बटण दाबतात. आवाज सांगू लागतो: आरंभीची शिल्लक अठ्ठेचाळीस हजार तीनशे पन्नास. जमा एक लाख बारा हजार सहाशे. नावे चौऱ्याण्णव हजार सहाशे पन्नास. पुस्तकी शिल्लक सहासष्ट हजार तीनशे. गल्ल्यातील रोकड चौसष्ट हजार पाचशे.

आजोबांचा हात वर होतो.

“अठराशेचा फरक आहे. अठराशेला नऊने भाग जातो. मुनीमजींना विचार, बाळ, कुठे दोन आकडे उलटे पडले आहेत का?”

नातसून फोन लावते. जुन्या हिशेबनिसांचा हा आडाखा आहे. शेजारचे दोन अंक आपसांत बदलले गेले, की होणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. नऊने भाग जाणे हा पुरावा नव्हे, पण शोध कुठून सुरू करावा याची ती खूण आहे. मुनीमजी पावत्या काढतात. ट्रकभाडे ६,४५० रुपये दिलेले आहे. ॲपमध्ये भरले गेले ४,६५०.

यंत्राने चूक सांगितली नव्हती. त्याने जे होते तेच वाचले. चूक ओळखली ती साठ वर्षे रोजमेळ ऐकलेल्या कानांनी. त्या कानांपर्यंत हिशेब पोहोचला, एवढेच काम त्या चार दुव्यांनी केले.

“उद्यापासून ट्रकभाडे वेगळे वाचायला सांग तुझ्या यंत्राला,” आजोबा म्हणतात. आणि नातसून, कर्त्याची आज्ञा म्हणून, शीटमध्ये एक रकाना वाढविते.